भुजादंड-संवेदक
अंतर्ज्वलन-एंजिनातील भुजादंड कोणत्या क्षणी कोणत्या कोनात आहे आणि तो किती वेगाने फिरत आहे, हे विद्युत् संकेताच्या रूपाने कळविणाऱ्या प्रयुक्तीस भुजादंड-संवेदक म्हणतात. दट्ट्याची वर-खाली होणारी सरळ गती चक्राकार गतीत बदलणारा दांडा म्हणजे भुजादंड होय. कारखान्यांत व दुरुस्तीच्या दुकानांत तो ‘क्रँक’ या नावाने परिचित आहे. आधुनिक एंजिनात इंधन केव्हा सोडावयाचे व ठिणगी केव्हा पाडावयाची, हे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरवितो आणि त्यासाठी तो प्रामुख्याने या एका संकेतावर विसंबून असतो. संवेदक मुका झाला, तर एंजिन सर्वार्थाने सुस्थितीत असूनही सुरू होत नाही. तो चुकीचे सांगू लागला, तर एंजिन चालते, पण ठोके देते, तापते व प्रसंगी त्याचा दट्ट्या वितळतो.

प्रस्तुत नोंदीत या संवेदकाचा इतिहास, त्याचे कार्य आणि मूळ उत्पादकाव्यतिरिक्त इतरांनी बनविलेले नियंत्रक एंजिनास जोडताना उद्भवणारे दोष यांचा विचार केला आहे. तेल-एंजिनांच्या निर्मितीची व दुरुस्तीची दीर्घ परंपरा असलेल्या कोल्हापूर, जयसिंगपूर व सांगली या पट्ट्याचा संदर्भ त्यास विशेषेकरून घेतला आहे. एंजिनाची वेळ पाहण्याचे कसब पूर्वी कारागिराच्या डोळ्यांत व बोटांत होते. गेल्या अर्धशतकात ते तारेतून वाहणाऱ्या तरंगात गेले. हा तरंग ज्याला वाचता येतो तोच आज एंजिन दुरुस्त करू शकतो. इतरांच्या हाती केवळ सुटे भाग बदलणे उरते.

कालसमायोजनाची गरज : चार धावांच्या एंजिनात शोषण, संपीडन, शक्ती व निष्कास या क्रियांचे एक आवर्तन भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पूर्ण होते. दट्ट्या सिलिंडरात ज्या सर्वोच्च स्थानी पोहोचतो त्यास येथे शिरोबिंदू म्हटले आहे. इंधन व हवा यांचे मिश्रण पेटून त्याचा दाब वाढण्यास काही काळ लागतो. म्हणून ठिणगी शिरोबिंदूच्या थोडी अगोदर पाडावी लागते. मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या वेगाने भुजादंड एका सहस्रांश सेकंदात १८ अंश फिरतो. ज्वलनास दोन सहस्रांश सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत तो ३६ अंश पुढे गेलेला असतो. वेग वाढेल तसा हा अग्रकोन बदलावा लागतो. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती वाया जाते व निष्कास-नळ्या तापतात. फार लवकर पडल्यास वर येणाऱ्या दट्ट्यावर उलट दाब येतो आणि एंजिन ठोके देऊ लागते. डिझेल एंजिनात ठिणगी नसते, तथापि इंधनाचा फवारा सोडण्याच्या क्षणास हाच नियम लागू पडतो.

यांत्रिक पद्धती : आरंभीच्या एंजिनांत ज्वलनाच्या क्षणावर फारसे नियंत्रण नव्हते. गोट्लीप डाइमलर यांनी १८८३ मध्ये पुरस्कारिलेल्या पद्धतीत बाहेरून तापविलेल्या नळीच्या स्पर्शाने मिश्रण पेटत असे. कार्ल बेन्झ यांनी १८८६ च्या आपल्या मोटारगाडीत विद्युत् घटमाला व कंप पावणारे वेटोळे वापरून ठिणगी पाडली. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे रोबेर्ट बॉश यांच्या कार्यशाळेत १८८७ मध्ये स्थिर एंजिनासाठी कमी दाबाचा मॅग्नेटो तयार झाला. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोट्लोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व ठिणगी-गुडदी, म्हणजे बोलीतील ‘प्लग’, यांची जोडणी सिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास घटमाला, वेटोळे व संपर्क-खंडक यांवर आधारलेली प्रज्वलन पद्धती प्रचारात आणली व पुढील सु. सहा दशके तीच बहुसंख्य मोटारगाड्यांत टिकून राहिली.

या पद्धतीत भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या दांड्यावरील उंचवटा संपर्क-खंडकाचा, म्हणजे कारागिरांच्या ‘पॉइंट’चा, लहानसा हातोडा उचलतो, प्रवाह खंडित होताच वेटोळ्यात उच्च विद्युत् दाब निर्माण होतो. उंचवट्याचे स्थान हीच वेळेची एकमेव नोंद असते. हातोड्याची टाच झिजली की पॉइंटांतील अंतर कमी होऊन ठिणगीची वेळ मागे सरकते. मुंबईच्या कुर्ला येथे प्रीमियर कंपनी बांधत असलेल्या फियाट व पद्मिनी मोटारगाड्या, जीप व त्या काळातील बहुतेक दुचाकी वाहने यांत ही रचना होती. सु. ०·४ मिमी. जाडीची पट्टी पॉइंटांत सरकवून अंतर बसविणे आणि काचकागदाने त्यांचे जळके तोंड साफ करणे, हे मोटार-कारागिरीचे पहिले पाठ होते. दोष डोळ्यांना दिसत असे व हाताने दूर करता येत असे.

दक्षिण महाराष्ट्रातील परंपरा : औंध संस्थानाच्या हद्दीत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हापासून कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात यांत्रिक उद्योगाची परंपरा सुरू झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल एंजिने होऊ लागली. पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम व यंत्रकाम करणारे अनेक कारखाने उभे राहिले व तेल-एंजिने आणि त्यांचे सुटे भाग हा त्यांच्या उत्पादनाचा एक मोठा भाग झाला. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक क्षेत्रांत ही परंपरा विस्तारली. एंजिनाचे ठोकळे, शीर्षे व प्रचक्रे यांच्या ओतकामासाठी हा पट्टा देशभर ओळखला जातो.

राजर्षी शाहू छत्रपती यांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले जयसिंगपूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील शहर. १८९१ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वसलेले हे शहर तंबाखू व इतर शेतमालाची बाजारपेठ म्हणून वाढले. पश्चिमेस कोल्हापूरचे ओतकाम, पूर्वेस सांगली-मिरज, दक्षिणेस इचलकरंजीचे यंत्रमाग आणि भोवती उसाचे बागायती क्षेत्र अशा स्थानामुळे शेतीची अवजारे, पाणी उपसण्याची यंत्रे व वाहने यांची दुरुस्ती हा येथील नित्याचा व्यवसाय झाला. शहरातील ल. क. अकिवाटे सहकारी औद्योगिक वसाहत ही त्याच वाढीची खूण आहे. ग्रामीण विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत नदीकाठच्या उपसा पंपांचा भार प्रामुख्याने एका सिलिंडराच्या तेल-एंजिनांनी वाहिला.

या एंजिनांची वेळ जुळविण्याची रीत येथे मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. जड प्रचक्राच्या कडेवर शिरोबिंदू व इंधन-अंतःक्षेपणाचा आरंभ दाखविणाऱ्या खुणा कोरलेल्या असत. कारागीर इंधन-पंपावरची नळी सोडवी, प्रचक्र हाताने अगदी हळू फिरवी आणि पंपाच्या तोंडाशी इंधनाची पातळी हलू लागण्याचा क्षण टिपी. त्या क्षणी प्रचक्रावरील खूण स्थिर बाणासमोर आली, तर वेळ बरोबर. ती पुढेमागे झाली, तर पंपाच्या बैठकीखालील पातळ चकत्या कमी-जास्त करून ती जुळवीत. येथे तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासल्या जात : खूण खरोखर शिरोबिंदूवर आहे काय, पंप कोणत्या क्षणी इंधन देतो आणि या दोहोंतील कोन किती आहे. इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाच्या दोषनिदानातही नेमक्या याच तीन गोष्टी तपासाव्या लागतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

इलेक्ट्रॉनीय स्थित्यंतर : ट्रँझिस्टराचा उपयोग करून पॉइंटांवरील प्रवाहाचा भार कमी करण्याचे प्रयत्न १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. अमेरिकेतील क्राइस्लर कंपनीने १९७३ पर्यंत आपल्या मोटारगाड्यांत पॉइंटांऐवजी चुंबकीय संवेदक सरसकट बसविला. मात्र तो अजून वितरकाच्या आतच होता. दंतचक्रे व साखळी यांतील सैलपणामुळे वितरकाचा दांडा भुजादंडाशी नेहमीच तंतोतंत जुळून राहत नाही. म्हणून संवेदक थेट भुजादंडावर नेणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती. जनरल मोटर्सने १९७७ च्या ओल्ड्समोबील टोरोनाडो या गाडीत भुजादंडावरील संवेदक व सूक्ष्मप्रक्रियक यांच्या साहाय्याने ठिणगीची वेळ ठरविली. बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ पद्धती १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीत आली. तीत इंधन-अंतःक्षेपण व प्रज्वलन यांचे नियंत्रण एकाच नियंत्रकाकडे सोपविले होते. प्रचक्राच्या दातांवरून वेग मोजणारा एक आणि संदर्भ-खूण ओळखणारा दुसरा, असे दोन संवेदक तीत होते. पुढे हे दोन्ही संकेत एकाच दातेरी चकतीवर एकत्र आणण्यात आले.

भारतात या स्थित्यंतरास प्रदूषण-नियंत्रणाच्या मर्यादांनी गती दिली. पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचणीचे व प्रमाणनाचे काम करते. २००० मध्ये युरोपीय धर्तीच्या मर्यादा देशभर लागू झाल्यानंतर पेट्रोल मोटारगाड्यांतून कार्ब्युरेटर झपाट्याने नाहीसा झाला. दुचाकी वाहनांत तो अधिक काळ टिकला. आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने २००३ मध्ये पल्सर या दुचाकीत दोन गुडद्यांची अंकीय प्रज्वलन पद्धती व २००७ मध्ये इंधन-अंतःक्षेपण आणले, तरी सर्वसामान्य दुचाकीपर्यंत अंतःक्षेपण पोहोचण्यास एप्रिल २०२० मधील ‘भारत टप्पा सहा’ या मर्यादा कारणीभूत झाल्या. २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना व डिझेल जनित्र-संचांनाही अधिक कडक मर्यादा लागू झाल्या. परिणामी उसाच्या फडात चालणारे मोठे ट्रॅक्टर व यंत्रमागांच्या शेडमागील जनित्रेही या संवेदकाच्या कक्षेत आली आहेत.

प्रकार व कार्य : प्रचारात मुख्यतः दोन प्रकारचे संवेदक आहेत. पहिला चुंबकीय वेटोळ्याचा. त्यात कायम चुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे असते व समोरून लोखंडी दात गेला की चुंबकीय स्रोत बदलून मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. दात जवळ येताना दाब एका दिशेने चढतो, दात बरोबर समोर आला की शून्यातून वेगाने खाली येतो व दूर जाताना विरुद्ध दिशेस जातो. ही शून्य ओलांडण्याची तीव्र उतरण हीच अचूक वेळ होय. या संवेदकास बाहेरून वीज लागत नाही, त्याच्या दोन तारा असतात व तो उष्णता सहन करतो. तथापि त्याचा दाब वेगावर अवलंबून असतो : आरंभक-मोटर एंजिन फिरवीत असताना तो जेमतेम एक व्होल्ट किंवा त्याहूनही कमी, तर उच्च वेगास अनेक दशक व्होल्ट असू शकतो.

दुसरा प्रकार एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेला आहे. हॉल संवेदकास वीजपुरवठा, भूसंपर्क व संकेत अशा तीन तारा असतात. त्याचा संकेत वेग कितीही असला तरी सारख्याच उंचीचा, चौकोनी असतो. बहुतेक हॉल संवेदक स्वतः दाब देत नाहीत. ते संकेताची तार भूसंपर्काशी जोडतात किंवा सोडतात. त्यामुळे ती तार वर ओढून धरणारा रोधक नियंत्रकात किंवा बाहेर असावाच लागतो.

दातेरी चकतीवरील सर्व दात सारखे असतील, तर वेग कळतो पण स्थान कळत नाही. म्हणून एक किंवा दोन दात गाळलेले असतात. बॉश पद्धतीत साठ दातांच्या विभागणीतून दोन गाळून अठ्ठावन ठेवतात. फोर्ड कंपनीने रूढ केलेल्या चकतीत छत्तीसांतून एक गाळलेला असतो. पहिल्या चकतीत प्रत्येक दात ६ अंशांचा, दुसरीत १० अंशांचा. नियंत्रक लागोपाठच्या दातांतील कालावधी मोजतो. तो एकाएकी दुप्पट किंवा तिप्पट झाला की गाळलेली जागा आली, असे समजून तेथून दात मोजू लागतो. मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या वेगाने ६ अंशांचा दात एका सेकंदाच्या सहा-सहस्रांश भागात निघून जातो. आरंभीच्या २०० फेऱ्यांना त्यास पाच सहस्रांश सेकंद लागतात. संवेदकाला व नियंत्रकाला या दोन्ही टोकांस सारख्याच अचूकतेने काम करावे लागते. भुजादंडाच्या संकेतावरून संपीडन-धाव व निष्कास-धाव यांतील भेद मात्र कळत नाही. त्यासाठी झडपा चालविणाऱ्या दांड्यावर दुसरा संवेदक बसवितात, अथवा दोन्ही वेळा ठिणगी पाडून एक वाया जाऊ देतात.

स्वतंत्र नियंत्रक : मूळ उत्पादकाचा नियंत्रक एका विशिष्ट एंजिनासाठी बांधलेला व बंदिस्त असतो. शर्यतीच्या गाड्या, जुनी वाहने व प्रायोगिक एंजिने यांसाठी हवे तसे जुळविता येणारे नियंत्रक १९८० नंतरच्या दशकात बाजारात आले. ऑस्ट्रेलियातील हॅलटेक (१९८६) व मोटेक (१९८७) या कंपन्या त्यांत अग्रगण्य होत. अमेरिकेतील ब्रूस बोलिंग व अल ग्रिप्पो यांनी २००१ मध्ये ‘मेगास्क्वर्ट’ हा स्वतः जोडावयाचा नियंत्रक पुढे आणला. त्यामुळे ही विद्या महाविद्यालये व हौशी कारागीर यांच्या आवाक्यात आली. भारतात बंगळूरच्या रेस डायनॅमिक्स कंपनीचे मूळ नियंत्रकास पूरक असे जोड-नियंत्रक दुचाकी वाहनांसाठी वापरले जातात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेतील गाड्यांत चाकण येथे बनणारे केटीएम ३९० हे एक सिलिंडराचे एंजिन व स्वतंत्र नियंत्रक यांची जोडी नेहमी आढळते. जनित्र-संचांवर मूळचा वजनांचा वेगनियंता काढून बसविलेला इलेक्ट्रॉनीय वेगनियंता हाही याच जातीचा होय. तो प्रचक्राच्या दातेरी कड्यासमोरील चुंबकीय संवेदकावर चालतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. म्हणून अशा नियंत्रकांचे उचित क्षेत्र शर्यतीचे मार्ग, प्रयोगशाळा व स्थिर एंजिने हेच आहे.

मूळ रचनेत चकती, संवेदक व नियंत्रक हे एकमेकांसाठी घडविलेले असतात. स्वतंत्र नियंत्रक जोडताना हे नाते तुटते व ते पुन्हा हाताने बांधावे लागते. म्हणून एंजिन सुरू न होण्याच्या तक्रारीत प्रत्येक घटक स्वतंत्रपणे निर्दोष आणि त्यांची जुळणी मात्र सदोष, अशी स्थिती वारंवार आढळते.

दोषनिदान : पहिली पायरी यांत्रिक आहे. संवेदक व दात यांतील अंतर सामान्यतः अर्धा ते दीड मिमी. असते. चकती वाकडी फिरत असेल, तर ते प्रत्येक फेरीत कमी-जास्त होते व संकेताची उंची लाटेसारखी बदलते. चुंबकास चिकटलेला लोखंडी कीस, दुमडलेला दात व थरथरणारी पट्टी हे नेहमीचे दोष होत. जनित्राच्या आटेदार संवेदकाबाबत एक सोपी रीत रूढ आहे : एंजिन बंद असताना भोकातून दाताचे डोके समोर दिसेल असे प्रचक्र फिरवावे, संवेदक दातास टेकेपर्यंत हळू आवळावा व नंतर अर्धा ते पाऊण फेरी मागे घ्यावा. दीड मिमी. अंतराच्या आट्यास याने सु. पाऊण ते एक मिमी. मोकळीक मिळते. दोन दातांमधील खाच समोर असताना असे केल्यास संवेदक पहिल्याच फेरीत चिरडला जातो.

दुसरी पायरी संकेत पाहण्याची. वेटोळ्याचा रोध बहुधा काही शे ते दीड-दोन हजार ओहम असतो. तो बरोबर आल्याने वेटोळे अखंड आहे एवढेच सिद्ध होते, संकेत योग्य असल्याचे सिद्ध होत नाही. थंड असताना अखंड असणारी तार एंजिन तापल्यावर तुटक होऊ शकते. बाजारात ‘स्कोप’ नावाने मिळणाऱ्या दोलनदर्शकावर संकेत प्रत्यक्ष पाहिला, तर दातांची संख्या, गाळलेली जागा, उंची व गोंगाट हे सर्व एका दृष्टिक्षेपात कळते. साठ विभागांच्या चकतीत दातांच्या संकेताची दर सेकंदाची आवर्तने व एंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या हे आकडे सारखेच येतात, ही सोय तपासणीत उपयोगी पडते. बऱ्याच स्वतंत्र नियंत्रकांत दातांच्या कालावधींची नोंद संगणकावर उतरविण्याची व्यवस्थाही असते.

तिसरा मुद्दा ध्रुवतेचा असून सर्वांत फसवा हाच होय. चुंबकीय संवेदकाच्या दोन तारा उलट जोडल्या, तरी एंजिन अनेकदा सुरू होते. परंतु मग नियंत्रक दाताच्या मध्यावरील तीव्र उतरणीऐवजी दोन दातांमधील संथ चढणीवर वेळ मोजतो. गाळलेल्या जागी ही चढण फारच लांबते व वेगानुसार ओळखीचा क्षण सरकतो. एंजिन मंद गतीस ठीक व वेग वाढताच अडखळणारे, असे लक्षण दिसल्यास इंधनाच्या आकड्यांत हात घालण्यापूर्वी तारांची दिशा पाहावी.

चौथा मुद्दा गोंगाटाचा. उच्च दाबाच्या तारा, प्रज्वलन वेटोळी व जनित्र यांच्या सान्निध्यात खोटे स्पंद उमटतात व नियंत्रक त्यांना दात समजतो. संवेदकाच्या तारा पीळ दिलेल्या व धातूच्या जाळीने वेढलेल्या असाव्यात आणि जाळीचा भूसंपर्क फक्त नियंत्रकाकडील टोकास करावा. दोन्ही टोकांस केल्यास जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो. हॉल संवेदकाच्या बाबतीत रोधकाचा अभाव व पुरवठ्याचा चुकीचा दाब हे दोष प्रथम तपासावेत.

पाचवा मुद्दा एक सिलिंडराच्या एंजिनांचा असल्याने आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. अशा एंजिनास आरंभक-मोटर फिरवीत असताना संपीडनाच्या वेळी भुजादंड एकदम मंदावतो. त्या क्षणी दोन दातांतील वाढलेला काळ नियंत्रकास गाळलेल्या दातासारखा भासतो व तो स्थान चुकतो. विद्युत् घटमाला अशक्त असेल, तर हा दोष बळावतो. सकाळी न सुरू होणारे व ढकलून मात्र लगेच सुरू होणारे एंजिन हे त्याचे लक्षण. जुन्या तेल-एंजिनांची जड प्रचक्रे हा चढउतार शोषून घेत. हलक्या, शीघ्रगती एंजिनात तसे होत नाही. म्हणून गाळलेली जागा शिरोबिंदूपासून दूर, वेग तुलनेने स्थिर असताना संवेदकासमोर येईल अशी चकती बसवावी आणि घटमालेचा दाब आधी तपासावा.

शेवटची व टाळता न येणारी पायरी म्हणजे प्रत्यक्ष कोनाची पडताळणी. नियंत्रकात पहिला दात शिरोबिंदूपासून किती अंशांवर आहे, हा आकडा भरावा लागतो. तो चुकला, तर संगणकाच्या पडद्यावर दिसणारा अग्रकोन व एंजिनात घडणारा अग्रकोन यांत तेवढेच अंतर पडते आणि पडद्यावर ते कधीच दिसत नाही. यासाठी ठिणगीचा कोन नियंत्रकातून १० अंशांवर अचल ठेवावा, ठिणगीबरोबर क्षणभर उजळणारा टायमिंग-दिवा प्रचक्रावर धरावा व खूण पाहावी. खुणेतील चूक सर्व वेगांना सारखीच असेल, तर भरलेला आकडा दुरुस्त करावा. ती वेगाबरोबर सरकत असेल, तर आकडा बदलून उपयोग नाही. ध्रुवता चुकली आहे अथवा संकेतास विलंब होत आहे, असे समजावे. प्रचक्रावरील खूणही डोळे मिटून खरी मानू नये. प्रचक्र बदललेले किंवा चुकीच्या छिद्रावर बसविलेले असू शकते; दट्ट्या शिरोबिंदूच्या दोन्ही बाजूंस सारख्याच खोलीवर अडवून त्या दोन खुणांचा मध्य काढल्यास खरा शिरोबिंदू मिळतो.

महत्त्व व सद्यःस्थिती : वरील क्रमाकडे पाहता जुन्या व नव्या रीतींतील नाते स्पष्ट होते. इंधनाची पातळी हलण्याचा क्षण टिपणारा कारागीर आणि तरंगाची उतरण टिपणारा तंत्रज्ञ एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतात आणि दोघांचाही अंतिम साक्षीदार प्रचक्रावरील रेघ हाच असतो. फरक एवढाच की, पहिल्याच्या दोषाचे ठिकाण उघडे होते व दुसऱ्याचे झाकलेले आहे. कृष्णा व पंचगंगा यांच्या २००५, २०१९ व २०२१ मधील महापुरांनी शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, तेव्हा वाहने व पंप मोठ्या संख्येने बुडाली. जुने तेल-एंजिन पाण्यातून काढून, धुऊन व तेल बदलून पुन्हा सुरू करता येते. इलेक्ट्रॉनीय एंजिनाच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा मात्र हिरवा गंज निर्माण करून आठवड्या-महिन्यांनी संकेत तोडतो व दोष कोठे आहे याचा मागमूस बाहेरून लागत नाही.

गळीत हंगामात उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला, तरी तोडणी-टोळीचे काम खोळंबते व तोडलेला ऊस वाळू लागतो. अशा वेळी संवेदक, नियंत्रक व तारांचा संच अनुमानाने एकामागून एक बदलत जाणे शेतकऱ्यास परवडणारे नसते. सांगलीचे १९४७ मध्ये स्थापन झालेले व पुढे वालचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय, जयसिंगपूर-कोल्हापूर परिसरातील इतर अभियांत्रिकी महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांमुळे या भागात शिक्षणाची सोय पुरेशी आहे. दोलनदर्शकाची किंमतही आता लहान दुकानदाराच्या आवाक्यात आली आहे. कारागिराला प्रचक्रावरील खुणेचा अर्थ पूर्वीपासून ठाऊक आहे. तरंगाचे वाचन त्या ज्ञानास जोडले गेले, तर बंदिस्त नियंत्रकांच्या काळातही एंजिनाची दुरुस्ती गावच्या दुकानात होऊ शकेल.